निषाद कोण? पाणपक्ष्यांची विषबाधा आणि मराठी गद्यातील कर्त्याचा लोप

१

आपल्या परंपरेने काव्याचा आरंभ एका पाणपक्ष्याच्या मरणाशी जोडला आहे, हे साहित्याच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. तमसेच्या काठी क्रौंचांच्या जोडीतील एक पक्षी व्याधाच्या बाणाने पडतो आणि वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक होतो. शोकाचे रसात रूपांतर कसे होते ह्या अंगाने त्या प्रसंगाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. व्याकरणाच्या अंगाने पाहिले असता मात्र त्यातील एक निराळी गोष्ट नजरेत भरते. तो श्लोक निषेधाच्या निपाताने सुरू होतो आणि लगेच मारणाऱ्यास संबोधन करतो. क्रियापद द्वितीय पुरुषी आहे; केलेले कर्म काय, तेही स्पष्ट सांगितले आहे. कवीच्या शोकास कर्ता ठाऊक आहे आणि तो कवीच्या समोर उभा आहे.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे ह्या दोन तालुक्यांच्या खाड्यांकाठी आज जो बगळा वा जी तुतवार विषाने बाधते, तिच्या अंगात बाण रुतलेला दिसत नाही. तिच्या मरणाविषयी आपण मराठीत जे लिहितो त्यात निषादही दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा अभाव आहे. विषारी द्रव्यांचा रानटी पाणपक्ष्यांवर होणारा परिणाम हा प्राणिशास्त्राचा विषय खराच. परंतु तो ज्या वाक्यांत समाजापुढे येतो ती वाक्ये भाषेच्या अभ्यासकाची आहेत. त्या वाक्यांची रचना सदोष असेल तर ज्ञान असूनही ते समाजाच्या हाती लागत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

विवेचनासाठी तीन प्रकारचे गद्य घेतले आहे: जाहीर सूचना, अहवाल व वृत्ते यांचे गद्य, पक्षिविषयक व निसर्गविषयक ग्रंथांचे गद्य, आणि खारेपाटातील नित्याची बोली. पहिल्या प्रकाराची जी उदाहरणवाक्ये पुढे दिली आहेत ती त्या प्रकारच्या लेखनात रूढ झालेल्या साच्याची आहेत. कोणा एका पत्राची वा कचेरीची म्हणून ती वाचू नयेत.

२

वाक्यांची परीक्षा करण्यापूर्वी वस्तुस्थिती ध्यानी घेणे अवश्य आहे. कारण ज्या वस्तूचे वर्णन करावयाचे तिचे स्वरूप न जाणता वर्णनास दोष देणे न्याय्य होणार नाही.

रोह्याची नदी कुंडलिका. भिऱ्याच्या जलविद्युत् केंद्रातून सुटणारे, मूळचे घाटावरच्या मुळशी धरणाचे पाणी तिला भर उन्हाळ्यातही वाहती ठेवते. कोलाड व रोहे ओलांडून ती रेवदंड्याच्या खाडीने समुद्रास मिळते. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत असून तीत रसायनांचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. तीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते, म्हणजे कोणत्याही अन्य राज्याहून अधिक. आणि त्यांत कुंडलिकेचे नाव आहे. पेणकडे भोगावती व अंबा या नद्या धरमतरच्या खाडीशी एकरूप होतात. तेथला खारेपाट म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळविलेली भातजमीन, पाण्याच्या ये-जा करिता ठेवलेल्या उघाड्या, बांधापलीकडची कांदळवने व खाजणे, आणि जिताडा पोसणारी गावतळी. पेण शहर गणेशमूर्तींसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे.

ओहोटीच्या वेळी येथला चिखल उघडा पडला म्हणजे पाणपक्ष्यांचे ताट वाढले जाते. राखी बगळा, गायबगळा, ढोकरी, पाणकावळा, खंड्या, शेकाट्या, शराटी, टिटवी हे येथले नेहमीचे. आणि पावसाळा सरता सरता उत्तरेकडून येऊन शिमगा उलटल्यावर परतणारे तुतवार, कुरव, सुरय हे पाहुणे. ह्यांपैकी कोणी निवट्या व बोईट खातो, कोणी चिखलातले किडे व शिंपले, कोणी भातखाचरातले बेडूक. जे विष पाण्यात वा चिखलात आहे ते ह्या अन्नावाटे त्यांच्या शरीरात शिरते.

विषाची चाल एकाच वेगाची नसते, हे ह्या विषयातील मुख्य सूत्र होय. काही विषे तत्काळ मारतात. तेलाचा तवंग पिसांवर बसला म्हणजे पिसांची घट्ट वीण मोडते. पाणी कातडीपर्यंत पोहोचते, अंगाची ऊब जाते, आणि पिसे साफ करताना पक्षी तेच तेल गिळतो. ७ ऑगस्ट १९१० नव्हे, तर अगदी अलीकडे, ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजा’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली, तेव्हा तेलाबरोबर कीटकनाशकांची पिंपे असलेल्या पेट्याही समुद्रात पडल्या आणि तेलाचा थर ह्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कांदळवनांपर्यंत येऊन पोहोचला.

दुसरी विषे सावकाश काम करतात, आणि तीच अधिक विचारार्ह आहेत. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक ह्या सरोवरावर चिलटांच्या नाशासाठी १९४९, १९५४ व १९५७ ह्या साली डीडीडी हे कीटकनाशक टाकण्यात आले. पाण्यातील त्याचे प्रमाण पाच कोटी भागांस एक भाग इतके अल्प होते. परंतु शेवाळातून सूक्ष्म जीवांत, त्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत असा प्रवास होऊन सरोवरावरील पाणडुब्यांच्या चरबीत ते दहा लाखांस सोळाशे भाग भरले. म्हणजे पाण्याच्या ऐंशी हजार पट. डीडीटीचे शरीरात जे रूपांतर होते ते पक्ष्याच्या कवचग्रंथीत चुन्याचा पुरवठा रोखते. अंडे घातले जाते, पण कवच इतके पातळ की उबविण्यास बसलेल्या आईच्याच भाराने ते फुटते. कॅलिफोर्नियाच्या अनाकापा बेटावर १९७० साली तपकिरी पाणकोळ्यांच्या पाचशेहून अधिक घरट्यांतून अवघे एक पिलू वाढले. त्या घरट्यांतील मोठे पक्षी जिवंत होते. पाहणाऱ्यास वसाहत गजबजलेलीच दिसली असती.

पाऱ्याची गत अशीच. प्राणवायू नसलेल्या चिखलातील जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि मग तो मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर घाला घालतो. पक्षी त्याचा काही भाग गळणाऱ्या पिसांत आणि काही भाग अंड्यांत टाकून देतो, म्हणजे पुढच्या पिढीस देतो. शिसे निराळ्या वाटेने जाते: दाणे दळण्यासाठी बदके पोटात खडे घेतात, त्यांबरोबर शिकारीचे छर्रे गिळले जातात. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर १९९१ पासून देशभर बंदी घातली ती ह्याच कारणाने. त्याच देशात केस्टरसन येथे शेतातून निचरा होऊन आलेल्या पाण्यातील सेलेनियममुळे १९८३ साली वारकरी व शेकाट्या ह्या पक्ष्यांच्या अंड्यांत व्यंग असलेले गर्भ आढळले. शेकाट्याचा जवळचा भाऊबंद खारेपाटात रोज दिसतो, म्हणून ह्या उदाहरणाचे आपणांस अगत्य असावे.

सारांश, पक्ष्याचे मरण हा विषाच्या कार्याचा केवळ एक आणि पुष्कळदा सर्वांत लहान भाग असतो. न फुटलेले अंडे, फुटून गेलेले अंडे, नेम चुकणारी चोच, पुढच्या हंगामात न परतलेला थवा, ही त्याची खरी कामे. ही दोन वैशिष्ट्ये, म्हणजे कर्त्याचे दूर असणे आणि काळाचे लांबणे, ज्या गद्यास पेलतील तेच गद्य ह्या विषयास पुरे पडेल.

३

आता जाहीर लेखनाचे रूढ वाक्य घेऊ: ‘खाडीकिनारी काही पक्षी मृतावस्थेत आढळून आले.’ वाक्य निर्दोष आहे असे वाटते; परंतु त्यात किती जण गैरहजर आहेत ते मोजावे. कोणास आढळले ते नाही. कोणी मारले ते नाही. केव्हा मेले ते नाही, कारण ‘मृतावस्था’ ही अवस्था आहे, घटना नव्हे. ‘काही पक्षी’ म्हटल्याने कोणते ते नाही. ‘मरणे’ आणि ‘मारणे’ अशी स्वच्छ जोडी मराठीजवळ असताना हे वाक्य दोहोंनाही बगल देते व ‘आढळणे’ ह्या तिसऱ्याच क्रियापदाचा आश्रय करते. पक्षी जणू त्या अवस्थेतच खाडीवर आले होते.

दुसरे रूढ वाक्य: ‘प्रक्रिया न केलेले पाणी नदीत सोडले जाते.’ हा आपल्या शालेय व्याकरणातील नवीन कर्मणी प्रयोग. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मराठीचा स्वतःचा कर्मणी प्रयोग कर्त्यास कधी टाकीत नाही. ‘त्याने पाणी सोडले’ ह्या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, पण कर्ता ‘ने’ प्रत्यय लावून आपल्या जागी बसलेला असतो. इंग्रजीच्या वळणाने आलेल्या नव्या कर्मणीत कर्ता ‘कडून’ लावून आणावा लागतो, आणि व्यवहारात तो आणला जात नाही. म्हणजे कर्त्याचा लोप हा मराठीचा स्वभाव नव्हे. तो कचेरीच्या भाषांतराबरोबर आलेला अभ्यास आहे. जुन्या मराठीने पाणी सोडणाऱ्यास प्रत्यय दिला. नव्या मराठीने त्याला सुटका दिली.

तिसरे वाक्य सर्वांत साळसूद: ‘प्रदूषणामुळे पक्ष्यांची संख्या घटली.’ ‘प्रदूषण’ हे क्रियावाचक नाम आहे. ते ‘दूषित करणे’ ह्या प्रयोजक क्रियेपासून झाले असून अशा क्रियेस करणारा लागतोच. परंतु नाम झाल्यावर ती क्रिया ‘पावसामुळे’, ‘थंडीमुळे’ ह्या पंक्तीस जाऊन बसते. जे कोणी तरी केले ते ऋतूसारखे आपोआप आले असे वाटू लागते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाच्या प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा १९६९ साली केला व १९७० साली त्यासाठी मंडळ स्थापिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. अर्धशतकाहून अधिक काळात तो शब्द घरोघर पोहोचला. शब्द पोहोचला त्या मानाने त्यातील धातूचा अर्थ मात्र झिजला.

वाक्यरचनेप्रमाणेच शब्दांच्या निवडीचाही विचार करावयास हवा. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या द्रवास आपण ‘सांडपाणी’ म्हणतो. सांडणे ही घरगुती क्रिया आहे. त्यात अनवधान आहे, हेतू नाही. भांडी घासलेले, तांदूळ धुतलेले पाणी ते सांडपाणी. ते मोरीतून अळवाच्या खाचरात जाते आणि अळू फोफावतो. हाच शब्द आम्ल, रंगद्रव्ये व जड धातू यांनी भरलेल्या प्रवाहास लावला की त्या प्रवाहास मोरीचे निरुपद्रवीपण अनायासे लाभते. सामुदायिक प्रक्रिया केंद्राच्या नावातही ‘सांडपाणी’ आहे. आणि तेथे जे येते ते सांडलेले नसून मोजून सोडलेले असते.

शेतात ह्याच प्रकारचा दुसरा शब्द आहे. भातावर कीटकनाशक मारताना शेतकरी ‘औषध मारले’ असे म्हणतो. पिकाच्या दृष्टीने ते औषध हे खरे. परंतु ज्या खाचरात ते पडते त्यातील बेडूक, खेकडा व त्यांमागून येणारी ढोकरी यांच्या दृष्टीने त्याचे नाव विष आहे, आणि एकाच द्रव्याची ही दोन नावे भाषेत एकमेकांस भेटत नाहीत. ‘रसायन’ शब्दाचा प्रवास तर याहून उद्बोधक. आयुर्वेदात रसायन म्हणजे जरा दूर ठेवून आयुष्य वाढविणारा उपचार. आधुनिक मराठीने तो शब्द रासायनिक द्रव्यास दिला, आणि ह्याच जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी ‘रसायनी’ नावाची औद्योगिक वस्ती उभी राहिली. तेथील सरकारी कारखान्यात डीडीटीचेही उत्पादन होत असे. आयुष्य वाढविणारा शब्द आणि कवच पातळ करणारे द्रव्य यांची गाठ एका स्थलनामात पडली.

पेणच्या संदर्भात आणखी एका धातूकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘सर्जन’, ‘विसर्जन’ आणि ‘उत्सर्जन’ हे तिन्ही शब्द सृज् धातूचे. मूर्तिकार सर्जन करतो, भक्त विसर्जन करतो, कारखाना उत्सर्जन करतो. विसर्जनात सोडणारा आपल्या हातांनी सोडतो, निरोप देतो, पुन्हा ये म्हणतो. कर्ता पाण्यात गुडघाभर उभा असतो. म्हणूनच मूर्तीच्या रंगांतील शिसे, कॅडमियम, पारा यांविषयी आणि प्लास्टर ऑफ पॅरिसविषयी केंद्रीय मंडळाने २०१० साली केलेली व २०२० साली सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे गावोगाव वादाचा विषय झाली. ज्याचा कर्ता डोळ्यांसमोर आहे त्या क्रियेवर वाद होऊ शकतो. मूर्तिकारांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यात गुंतलेला असल्याने तो वाद सोपा नाही. पण तो होतो. उत्सर्जनाचा कर्ता तसा पाण्यात उतरत नाही, म्हणून त्यासंबंधी वादाऐवजी नोंदी होतात.

४

जाहीर गद्याकडून आपण निसर्गलेखनाकडे वळू. येथे अपेक्षा मोठी ठेवणे योग्य होईल, कारण ह्या लेखकांचे पक्ष्यांवर प्रेम आहे आणि भाषेवर प्रभुत्व आहे.

मराठी मनातील बगळा मोठा चमत्कारिक आहे. एका बाजूस तो ढोंगी; ‘बकध्यान’ हा शब्द त्याच्यावरून आला. दुसऱ्या बाजूस तो शुभ्रतेचा व सुंदर पंक्तीचा नमुना. लहान मुले उडत्या बगळ्यांकडे नखांवर पांढरी कवडी मागतात. दोन्हीकडे बगळा हे माणसाचे काही तरी आहे: त्याचे ढोंग किंवा त्याचे कौतुक. बगळ्याचे स्वतःचे पोट, स्वतःचे अंडे, स्वतःची चरबी ह्यांस ह्या परंपरेत जागा नाही. आणि विष तर नेमके तेथेच साठते.

ह्या परंपरेस सर्वांत मोठे वळण कै. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी दिले. ‘पक्षिकोश’ (२००२) हा त्यांचा ग्रंथ आमच्या मते कोशकार्याइतकाच भाषाकार्याचा ग्रंथ आहे. पक्ष्यांची नावे त्यांनी केवळ ग्रंथांतून घेतली नाहीत; रानात वावरणाऱ्या लोकांच्या तोंडून ती वेचली. जेथे मराठीत शब्द नव्हता तेथे त्यांनी तो घडविला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीस ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’, रात्रीच्या विश्रांतिस्थानास ‘रातनिवारा’ हे शब्द त्यांचे. ‘सारंगागार’ ह्या शब्दाचे मोल प्रस्तुत विषयात विशेष आहे. कारण विषाचा सावकाश परिणाम तपासावयाचा तर तो एकट्या पक्ष्यावर दिसत नाही, वसाहतीवर दिसतो. किती घरटी, किती अंडी, किती पिले उडाली, हा हिशेब वसाहतीचा असतो. वस्तूस नाव मिळाले म्हणजे तिची मोजदाद शक्य होते. चितमपल्लींनी हे नाव दिले, हे त्यांचे ऋण मान्य करूनच पुढची टीका करतो.

ती टीका एका लेखकावर नसून लेखनप्रकारावर आहे. पक्षिवर्णनाची रूढ नोंद नाव, आकार, रंग, आढळ, आवाज, घरटे, अंड्यांची संख्या व रंग ह्या क्रमाने जाते. तिचे क्रियापद नेहमी रीतिवर्तमानात असते: बगळा घरटे बांधतो, मादी तीन ते पाच अंडी घालते. हा काळ नियमाचा आहे. त्यात पक्षी जे करीत आला तेच करीत राहणार असे गृहीत असते. विषाने नेमका हा रीतिवर्तमान मोडतो. मादी अंडी घालते, हे वाक्य खरे राहते. त्यापुढचे, पिले बाहेर येतात, हे वाक्य खोटे होते. ज्या नोंदीत अंड्याचा रंग आहे पण कवचाची जाडी नाही, तिला ही फूट दिसण्याची सोय नाही. डॉ. सालिम अली यांनी ह्याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या किहीमला राहून १९३० साली सुगरणीच्या विणीचे जे निरीक्षण केले त्याचे तेज ह्यातच आहे, की त्यांनी नियम न सांगता एका वसाहतीत दिवसामागून दिवस काय घडले ते टिपले. निसर्गगद्यास आज जी शिस्त हवी ती ही.

रेचेल कार्सन यांच्या १९६२ च्या प्रसिद्ध ग्रंथाचाही येथे विचार केला पाहिजे. क्लिअर लेकच्या पाणडुब्यांची हकीकत जगापुढे मांडणारा तो ग्रंथ होय. त्याच्या नावातील मुकी वसंतऋतूची कल्पना आपल्याकडे वारंवार उसनी घेतली जाते. ती उसनी घेताना एक विसर पडतो. थंड देशात हिवाळा निःशब्द असतो आणि वसंतात पक्षी गाऊ लागतात, म्हणून वसंताचे मौन तेथे भयंकर. कोकणच्या खाडीवर पाहुणे पक्षी हिवाळ्यात असतात व वसंतात निघून जातात. आणि चिखलात चोच खुपसणारे हे पक्षी गायकही नव्हेत. येथला वसंत तसाही शांतच. येथल्या ऱ्हासाची खूण कानास कळणारी नाही. ती कार्तिक-मार्गशीर्षातल्या ओहोटीस, उघड्या चिखलावर, डोळ्यांना दिसेल. परक्या ऋतूची प्रतिमा घेतली की आपल्या ऋतूतले निरीक्षण सुटते. मराठी लेखकाने ‘मुका वसंत’ लिहिण्याऐवजी ‘ओस ओहोटी’ पाहावी, असे सुचवावेसे वाटते.

५

तिसरा प्रकार बोलीचा. येथे टीकेपेक्षा आधार अधिक सापडतो.

शास्त्रीय परिभाषेत विषाच्या साठण्यास ‘जैवसंचयन’ व अन्नसाखळीत वर चढत जाण्यास ‘जैवविवर्धन’ असे शब्द योजले जातात. परिभाषेस ते असोत. परंतु ते ऐकून कोणा मच्छीमाराच्या मनात चित्र उभे राहत नाही. उलट ‘मुरणे’ हे क्रियापद पाहावे. पाणी जमिनीत मुरते, लोणचे मुरते, ताप अंगात मुरतो. तिन्ही प्रयोगांत सावकाशपणा आहे, खोलवर शिरणे आहे, आणि जे शिरले ते सहज बाहेर निघत नाही हा भाव आहे. चिखलात पारा मुरतो, बोइटात मुरतो, बगळ्याच्या अंगी मुरतो. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीस हे एक क्रियापद पुरे पडते. काळाचे लांबणे पेलणारे गद्य हवे असे वर म्हटले. ते ह्या क्रियापदात तयार आहे.

‘बाधणे’ हा दुसरा शब्द. ‘विषबाधा’ आपण सर्रास म्हणतो, पण ‘बाधा’ म्हणजे मृत्यू नव्हे, हे विसरतो. भूतबाधा झालेला माणूस चालता-बोलता असतो. त्याचे वागणे बदललेले असते. पारा अंगी गेलेला बगळा असाच उभा असतो. ‘बगळे दिसतात, म्हणजे पाणी बरे आहे’ हा जो तर्क पुष्कळदा ऐकू येतो त्याचे उत्तर ‘बाधा’ ह्या शब्दातच आहे. आणि बाधेच्या कल्पनेत लोकमनाने एक गोष्ट कधी सोडली नाही: बाधा झाली की ‘कोणाची?’ असे विचारावयाचे. अंधश्रद्धेतला प्रश्न म्हणून तो टाकाऊ असेल. विषाच्या बाबतीत तोच शास्त्रीय प्रश्न ठरतो.

६

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. शास्त्रज्ञ कर्त्याचे नाव घेत नाही ते भिऊन नव्हे. पुरावा नसतो म्हणून. खाडीवर मेलेला पक्षी रोगाने मेला असेल, उपासमारीने मेला असेल. राजस्थानातील सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पक्षी मेले. कारण जीवाणूपासून उत्पन्न होणारे विष, बोट्युलिझम, असे ठरले. तेथे कोणी आततायीपणे कारखान्यावर बोट ठेवले असते तर ते असत्य झाले असते. मग कर्त्याचा लोप हा दोष की संयम?

आमचे उत्तर असे. कर्ता अज्ञात असणे आणि कर्ता लुप्त असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि भाषेत त्या भिन्न दिसल्या पाहिजेत. ‘हे पक्षी कशाने मेले ते अजून कळले नाही’ ह्या वाक्यात कर्त्याची जागा रिकामी पण राखलेली आहे. वाचक तेथे प्रश्नचिन्ह पाहतो. ‘पक्षी मृतावस्थेत आढळले’ ह्या वाक्यात ती जागाच नाही. पहिले वाक्य शोधास प्रवृत्त करते. दुसरे वाक्य शोध संपल्यासारखे ऐकू येते. सांभरलाही कारण सापडले ते कारण विचारले गेले म्हणून.

गिधाडांची हकीकत ह्या बाबतीत मोलाची आहे. गिधाड पाणपक्षी नव्हे. पण रायगडच्याच दक्षिणेस म्हसळ्याकडे त्याच्या उरलेल्या वसाहती जपल्या जात आहेत, म्हणून ते उदाहरण परके नाही. १९९० नंतर भारतात गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असताना बराच काळ वाक्य एकच होते: ‘गिधाडांची संख्या घटत आहे.’ २००४ साली कारण सिद्ध झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या मूत्रपिंडात जाते आणि त्याला मारते. येथेही ते द्रव्य ‘औषध’च होते. वाक्यास कर्ता मिळाला आणि दोन वर्षांत, २००६ साली, जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. कायद्याला कर्म हवे असते. ते त्याला वाक्यातील कर्त्याकडून मिळते.

७

क्रौंच म्हणजे कोणता पक्षी ह्याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासकांनी तो सारस असावा असे साधार मांडले आहे. हे मत मान्य केले तर आपल्या काळाने त्या प्रसंगाची एक कटू पुनरुक्ती पाहिली आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८०–९० च्या दशकाच्या अखेरीस सारस मेले. कारण शोधता भोवतालच्या शेतांत वापरलेले आल्ड्रिन हे कीटकनाशक सापडले. ज्याने ते पेरणीच्या वेळी टाकले त्याने वाळवी मारण्यासाठी टाकले होते. त्याच्या मनात सारस नव्हता. ज्याने ते बनविले, ज्याने विकले, ज्याने विकू दिले, त्यांच्याही मनात नव्हता. निषाद एक होता तेव्हा त्यास एकवचनी संबोधन पुरले. आज तो साखळीसारखा पसरला आहे. त्यास संबोधन करावयाचे तर साखळीची प्रत्येक कडी नाव घेऊन सांगावी लागेल. तिच्यात घरी बसून स्वस्त रंगाची मूर्ती व डाग नसलेला तांदूळ मागणारे आपणही आहोत. पण साखळी लांब झाली म्हणून ती नाही असे होत नाही, आणि सर्वच थोडे थोडे कर्ते आहेत म्हणून मोठ्या कर्त्याचा भार हलकाही होत नाही.

पंचतंत्रात एक म्हातारा बगळा तळ्याकाठी अश्रू ढाळीत उभा राहतो आणि बारा वर्षांचे अवर्षण येणार असे माशांना सांगतो. ती बातमी खोटी होती. माशांनी ती खरी मानली आणि प्राण गमावले. कुंडलिकेच्या व धरमतरच्या काठी आज जो बगळा उभा आहे तो अश्रू ढाळीत नाही. त्याच्या पिसात, त्याच्या चरबीत, त्याच्या अंड्याच्या कवचात पाण्याची खरी बातमी लिहिली जात आहे, आणि ज्या माशांवर तो जगतो तेच मासे आपल्याही ताटात आहेत. ती बातमी वाचून काढणे हे प्राणिशास्त्रज्ञाचे काम. ती मराठीत सांगताना कर्ता, कर्म व काळ जागच्या जागी ठेवणे हे मात्र आमच्यासारख्या भाषेच्या अभ्यासकांचे, शिक्षकांचे व लेखकांचे काम आहे. ‘पाणी सोडले जाते’ असे आपला विद्यार्थी लिहील तेव्हा त्याच्या वहीच्या समासात ‘कोणी?’ एवढा एक शब्द लिहावा. त्याचा आरंभ तेथून होऊ शकतो.